तळघरातली पिल्लं

ओडेट व्हर्बेकेच्या तळघरात समुद्र आहे, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खरा समुद्र इथून गाडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. दारासमोरून वाहते ती सेंट क्लेअर नदी, आणि तिचं पाणी गोडं. म्हणून ओडेट मिठाच्या बादल्या विकत आणते, मापून पाण्यात टाकते, लांब दांड्याने ढवळते आणि चष्मा कपाळावर चढवून खारटपणा तपासते. तिचा नवरा क्लेम म्हणतो, "लोकांच्या बायका केकचं पीठ कालवतात, माझी बायको अटलांटिक कालवते."

काचेच्या टाकीतल्या त्या समुद्रात समुद्रघोड्यांचं एक जोडपं राहायचं. मादीचं नाव पर्ल, नराचं मेयर, म्हणजे महापौर. हे नाव क्लेमने ठेवलेलं, कारण नर पोट पुढे काढून असा चालायचा की आत्ता कुठल्यातरी पुलाची फीत कापणार. समुद्रघोड्यांत बाळंतपण बाप्याच्या वाट्याला असतं. मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी टाकते आणि मोकळी होते. पुढचे तीन आठवडे ओझं वागवायचं ते त्याने. मेयरला पहिल्यांदा वेणा आल्या तेव्हा क्लेम जिन्याच्या पायरीवर बसून बघत होता. पाच मिनिटांत कमरेला हात लावून उठला. "देवा रे, मला बघवत नाही," म्हणाला आणि वर जाऊन बिअर उघडली.

एका खेपेला पावणेदोनशे-दोनशे पिल्लं होतात. एकेक तांदळाच्या दाण्याएवढं, पण नाक-डोळे-शेपूट सगळं जिथल्या तिथे. पहिले दोन आठवडे ती नुसती तरंगत असतात. मग एक दिवस त्यांतलं एखादं शेपटीने कशाला तरी धरतं, काडीला, दोरीला, नाहीतर दुसऱ्याच्या मानेला. घोडे पाळणारे सगळे त्या दिवसाकडे डोळे लावून बसलेले असतात, कारण धरायला लागलेलं पिल्लू सहसा जगतं. ओडेटच्या तीन खेपा झाल्या होत्या, आणि तिन्हींतल्या एकाही पिल्लाने कशालाही धरलं नव्हतं. पहिली खेप हवेच्या बुडबुड्यांनी गेली, दुसरी उपासमारीने. दोन्ही चुका तिने स्वतःच्या म्हणून कबूल केल्या होत्या. तिसरी खेप मात्र गेल्या मे महिन्यात गेली, आणि तिचं खापर फुटलं क्लेमच्या डोक्यावर.

झालं होतं असं. तळघराचा अर्धा भाग ओडेटचा, तर कपडे धुण्याच्या यंत्राच्या पलीकडचा अर्धा क्लेमचा. तिथे तो लाकडी बदकं करायचा. नदीकाठच्या जुन्या माणसांना ही विद्या वडिलांकडून मिळते: लाकूड कोरायचं, वर पिसं न् पिसं रंगवायचं आणि बदक पाण्यावर असं सोडायचं की उडती बदकं फसून खाली उतरावीत. क्लेम आता शिकारीला जात नव्हता, पण बदकं रंगवणं काही सुटलं नव्हतं. मे महिन्यातल्या एका मंगळवारी त्याने तेलरंगाचा डबा उघडला. दुसऱ्या दिवशी पिल्लं मरायला लागली आणि शनिवारपर्यंत पिल्लांचं वेगळं भांडं रिकामं झालं. पाण्यात हवा सोडणारा पंप खोलीतलीच हवा ओढतो. ओडेटने दोनात दोन मिळवले. "तुझ्या रंगाने मारली माझी पिल्लं," ती म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी ठीक. पण मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात, चर्चच्या हॉलमध्ये, चाळीस माणसांसमोर तिने तेच सांगितलं. मागच्या रांगेत क्लेम मांडीवर बिस्किटांची बशी घेऊन बसला होता.

आठवड्याभरात त्याच्या बाजूचे डबे गेले, ब्रश गेले, रंधा-पटाशा गेल्या. कुठे गेलं हे सगळं, ते ओडेटने विचारलं नाही. पुतण्याला दिलं असेल असं ती धरून चालली. रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन मेयर आणि पर्लचा नाच बघायला तो यायचा. दोघं रंग बदलत, शेपटीत शेपूट अडकवून काडीभोवती गिरक्या घ्यायची. तेही त्याने सोडलं. कपडे धुण्याच्या यंत्राच्या पुढे म्हणून त्याने पाऊल टाकलं नाही. आपण त्याला बंदी घातली नव्हती, असं ओडेट स्वतःला सांगत असे. खरं तर घातली होती, फक्त तोंडाने नव्हे.

यंदा फेब्रुवारीत पर्लने मेयरच्या पिशवीत अंडी टाकली आणि तिसऱ्या दिवशी ती मेली. म्हातारी झाली होती. मेयर चार दिवस तिच्या काडीला धरून बसला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याला पावणेदोनशे पिल्लं झाली. पर्लची ही शेवटची, आणि मेयरचं वय बघता त्याचीही. ही गेली की दोघांचं म्हणून जगात काही उरणार नव्हतं. ओडेट सत्तरीला आली होती. नवी जोडी आणून पुन्हा पाच-सहा वर्षं खपायची ताकद आपल्यात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून यंदा तिने काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. सोड्याच्या उलट्या बाटलीत कोळंबीची धुळीएवढी अंडी उबवायची, त्यांतून निघालेले नारिंगी किडे गाळून धुवायचे, आणि दिवसातून पाच वेळा पिचकारीने पिल्लांच्या तोंडाशी सोडायचे. पिचकारी म्हणजे सणाला टर्कीवर रस्सा सोडायची, रबरी फुग्याची. आमच्याकडे टर्की वर्षातून एकदा भाजतात, पण मासे पाळणाऱ्यांच्या घरी ती पिचकारी बाराही महिने राबते.

दहाव्या दिवशी चार पिल्लं तळाशी पडली. अकराव्या दिवशी एकोणीस.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तिने मेलेली पिल्लं मोजायचं सोडून दिलं आणि लव्हेल प्रुइटला फोन लावला. लव्हेल फ्लिंट शहरातला, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि घोड्यांच्या बाबतीत आमच्या क्लबात शेवटचा शब्द त्याचा. त्याच्या घरी घोड्यांची तिसरी पिढी नांदते आहे.

"रंग उघडलाय का कुणी घरात?" त्याने पहिलं तेच विचारलं. क्लबात ती गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात बसली होती.

"घरात रंगाचा थेंब नाही, लव्हेल. दहा महिने झाले."

"बरं. खोलीतला दिवा घालव आणि काचेवर बाजूने बॅटरी मार. आरपार नको, तिरकी. काय दिसतं ते सांग."

ओडेटने तिरका उजेड टाकला. काचेवर, पाण्याच्या रेषेखाली, पांढरी लव होती. नीट बघितलं तर लव नव्हती, बारीक देठं होती, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला मिशा फुटलेलं इवलंसं फूल. एक फूल हललं. त्याच्या मिशांत एक नारिंगी किडा अडकला होता.

"फुलं आहेत," ती म्हणाली. "पांढरी."

"फुलं कसली, बाई! हायड्रॉइड ते, जिवंत प्राणी. डंख मारतं. मोठ्या घोड्याला साधी खाजही सुटत नाही, पण पिल्लाला एक चटका पुरतो. मोठ्या टाकीत असतातच थोडे, दिसत नाहीत, उपाशी असतात. पिल्लांच्या भांड्यात शिरले की पाच वेळचं जेवण आयतं. मग काय, माजतात." मग त्याने विचारलं, "ओडेट, तुझ्याकडे पिचकाऱ्या किती?"

"एक."

"मेयरला कशाने भरवतेस?"

ओडेटने हातातल्या पिचकारीकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहा वर्षांत तिने पाणी तपासलं, मीठ बदललं, पंप बदलला, नवऱ्यावर आळ घेतला. आणि सकाळी मेयरच्या टाकीत नळी बुडवून त्याला कोळंबी भरवायची, मग तीच पिचकारी नळाखाली धुऊन पिल्लांच्या भांड्यात घालायची, हे तिला कधी डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

"मी धुते ना ती," ती म्हणाली.

"धुऊन जात नाहीत ते. पिल्लांची पिचकारी वेगळी, बादली वेगळी, टॉवेल वेगळा. हे मी क्लबात शंभर वेळा सांगितलंय. तू तेव्हा चहाच्या टेबलाशी असतेस." मग त्याचा आवाज उतरला. "गेल्या वर्षी काचेवर काही दिसलं होतं का गं?"

"नाही," असं ती पटकन म्हणाली, आणि मनात पाल चुकचुकली. ती रोज पिल्लांचा फोटो काढायची. फोन बाजूला धरून तिने मे महिन्यातले फोटो उघडले. सोमवारचा फोटो, क्लेमने डबा उघडला त्याच्या आदल्या दिवसाचा. पुढे तीन पिल्लं, छान गुबगुबीत. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. पिल्लांच्या मागे, काचेच्या कोपऱ्यात, तीच पांढरी फुलं होती.

फोनमधून लव्हेल हॅलो, हॅलो करत होता.

"होती," ओडेट म्हणाली.

मग लव्हेल कामाचं बोलला. औषध आहे, कुत्र्यांना जंतांवर देतात तेच, पण त्याला चार दिवस लागतात आणि तुझ्याकडे चार दिवस नाहीत. नवं पाणी कालव, तेवढंच खारट, तेवढंच कोमट. जाळी वापरायची नाही, पिल्लांना हवा लागू द्यायची नाही. एकाने वाटीने पिल्लू उचलून मधल्या स्वच्छ पातेल्यात सोडायचं. दुसऱ्याने तिथून दुसऱ्या वाटीने नव्या बादलीत. "आणि दोन माणसं लागतील. तुझा हात त्या भांड्यात बुडालाय, तो बादलीकडे फिरकता कामा नये. मी निघू का? दीड तास लागेल."

"नको. क्लेम आहे."

"येईल का तो?"

ओडेटने फोन ठेवला आणि मिठाची बादली ओढली. पाणी कालवून, तापवून, मापून होईपर्यंत पाच वाजत आले.

क्लेम वर दारात कोट चढवत होता. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, म्हणून शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत असते आणि क्लेम ती चुकवत नाही. ओडेट जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"क्लेम, मला तुझा हात हवाय. खाली."

"यंत्र अडलंय?"

"पिल्लं मरताहेत. काचेवर काहीतरी उगवलंय. एकटीने होणार नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कोट काढून खुंटीला लावला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने हात कोपरापर्यंत धुतले, साबण न लावता. साबणाचा अंशही त्या पाण्यात चालत नाही, इतक्या वर्षांत तेवढं त्याला माहीत झालेलं. पुन्हा धुतले. मग बोटं नाकाशी नेऊन हुंगली आणि हात तिच्यापुढे धरले.

"रंगाचा वास येत नाही ना? बघ जरा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओडेटने त्याचे हात हुंगले. नुसत्या पाण्याचा वास येत होता. "नाही येत," ती म्हणाली आणि पुढे झाली. आधी पिल्लं, मग बाकीचं, असं तिने मनाला समजावलं. मन असल्या बाबतीत फार लवकर समजतं.

तो यंत्राच्या पुढे आला. मेयरच्या टाकीशी क्षणभर थांबला. "म्हातारा झालास की रे," त्याला म्हणाला. मग बादलीशी स्टूल ओढून बसला.

"घाण हात माझा," ओडेट म्हणाली. "स्वच्छ हात तुझा. माझ्या वाटीला तुझी वाटी लागू द्यायची नाही."

"आणि ठोकळ्यासारखं नुसतं बसायचं? गाणं म्हणू?"

"पिल्लांना धक्का बसेल."

कामाला लय आली. ती वाटी बुडवून एक-दोन पिल्लं घ्यायची, पातेल्यात अलगद सोडायची. तो दुसरी वाटी बुडवून त्यांना उचलायचा, बादलीत पाण्याखाली नेऊन वाटी कलती करायचा. पिसं रंगवलेला हात होता तो, कापत नव्हता. "एक," तो मोजू लागला. "तीन. चार. हा जाडा पाच. हा पक्का मेयरवर गेलाय." चाळिसाव्या पिल्लाला त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "हॉलमध्ये आता कोबीची कोशिंबीरच उरेल." साठाव्याला म्हणाला, "ही काळसर आहेत ना, ती पर्लवर गेलीत." दहा महिन्यांत तो घरात इतकं बोलला नव्हता. ओडेटला ते ऐकवेना आणि थांबवावंसंही वाटेना.

शहात्तर झाली आणि तो मध्येच थबकला. डावा हात मनगटापर्यंत बादलीत होता.

"ओडेट," तो हळूच म्हणाला. "याने मला धरलंय."

ती वाकली. क्लेमच्या करंगळीच्या पेरावर एक पिल्लू बसलं होतं. सुतासारख्या शेपटीने बोटावरचा एकुलता एक पांढरा केस विळखा घालून धरला होता, आणि डोळा गरगर फिरवत ते आजूबाजूला बघत होतं. सहा वर्षांत, चार खेपांत, तिच्या पिल्लांपैकी एकाने पहिल्यांदा कशाला तरी धरलं होतं.

"काय करू?"

"काही करू नकोस. ओढू नकोस. ते आपणहून सोडेल."

"किती वेळ?"

"त्याची मर्जी."

क्लेम हसला. कोवळं, तोंडभरून हसला, आणि पिल्लाला धक्का लागेल म्हणून हसताना अंग मात्र हलू दिलं नाही. ओडेटने हातातली वाटी खाली ठेवली. आता नाही सांगितलं तर हा माणूस जन्मभर हात हुंगत राहील.

"क्लेम, मे महिन्यातली पिल्लं रंगाने मेली नाहीत."

त्याने मान वर केली नाही. "काय?"

"हेच उगवलं होतं तेव्हाही. माझ्या पिचकारीतून. मोठ्या टाकीतून मीच नेत होते. फोटो आहे माझ्याकडे, तू डबा उघडलास त्याच्या आदल्या दिवसाचा. तुझा काही संबंध नव्हता. माझं चुकलं. मी तुझ्यावर आळ घेतला, सगळ्यांसमोर घेतला, आणि तो खोटा होता."

बेचाळीस वर्षांच्या संसारात क्लेम तिच्यावर कधी ओरडला नव्हता. भांडण पेटलं की तो कोट घालून नदीकाठाने चालायला लागायचा आणि राग थंड करूनच परत यायचा. आज करंगळीला पिल्लू होतं. तो उठू शकत नव्हता.

"केव्हा कळलं तुला?"

"दुपारी. दोन वाजता."

"आता सहा वाजतायत."

"हो."

"मला हात धुवू दिलेस. वास घेतलास."

"हो."

मग क्लेम बोलला, आणि आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून जास्त लागला.

"बाबांचे ब्रश होते त्यात."

"माहीत आहे. पुतण्याकडून परत आणू."

"पुतण्याला नाही दिले. कचऱ्याच्या गाडीत टाकले. दोनशे जीव घेतलेले ब्रश कुणाच्या पोराच्या हातात द्यायचे म्हणून टाकले."

ओडेटला रडू आलं. तिने डोळे दंडाला पुसले, कारण हात घाण होता. माफ कर म्हणावंसं वाटलं, पण आत्ता म्हटलं तर त्याला लगेच काहीतरी उत्तर द्यावं लागेल, म्हणून ती गप्प राहिली. दोघं बादलीवर वाकून तशीच बसली. पिल्लाने एकदा शेपूट सैल केली, पुन्हा आवळली, मग एकदम सोडून दिलं आणि डुलत डुलत इतरांत गेलं.

"सुटलं," ओडेट म्हणाली. "तुला जायचं असेल तर जा. उरलेली मी बघते कशीतरी."

तिला एकटीने जमणार नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. वर खुंटीला कोट होता, आणि बाहेर नदीकाठचा बर्फ वितळून चालायची वाट मोकळी झाली होती.

"मी रागावलोय, ओडेट," क्लेम म्हणाला.

"हो."

"हा राग लवकर जायचा नाही. ईस्टरपर्यंत तर नाहीच."

"राहू दे."

"क्लबात उभी राहून सांगायचंस. खुर्चीत बसून पुटपुटायचं नाही."

"उभी राहून सांगेन."

त्याने मान हलवली. हात त्याने पाण्यातून काढला नव्हता.

"उचल वाटी," तो म्हणाला. "शहात्तर झाली आहेत."